परदेशात मोबाईल चोरीला जातो तेव्हा : लुंबिनीच्या वाटेवरील एक अनुभव

संपादक मंडळाने स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा बँकेच्या ठेव योजनांवर चार पाने लिहून द्यावीत असा आमचा विचार होता. गेली वीस-बावीस वर्षे आम्ही बँकेत लिपिक म्हणून काम करीत आहोत, तेव्हा आमच्याकडून अपेक्षाही तीच असणार. परंतु नोव्हेंबर २०२४ मध्ये देवळा परिसरातील उपासक-उपासिकांबरोबर सारनाथ, कुशीनगर व लुंबिनी अशी धम्मयात्रा करण्याचा योग आला आणि त्या यात्रेत जे घडले ते ठेव योजनांपेक्षा अधिक उपयोगाचे आहे असे वाटल्यावरून विषय बदलला. आम्ही कला शाखेचे पदवीधर. यंत्रांचे आमचे ज्ञान बेताचेच आहे. जे लिहितो ते बँकेच्या खिडकीमागे बसून आणि लुंबिनीच्या उन्हात उभे राहून जेवढे कळले तेवढेच.

लुंबिनी नेपाळात आहे, म्हणजे परदेशात. ही गोष्ट भूगोलाच्या पुस्तकात सर्वांना पाठ असते, पण प्रवासात ती कोणाच्या ध्यानात राहत नाही. मनमाडला काशी एक्सप्रेसमध्ये बसायचे, वाराणसीला उतरून सारनाथ करायचे, पुढे बसने कुशीनगर, गोरखपूर आणि सोनौली. सोनौलीची कमान ओलांडली की बेलहिया, मग भैरहवा. भारतीय नागरिकाला व्हिसा लागत नाही. पाट्या देवनागरीत, चहा तसाच, भाषा निम्मी समजते. त्यामुळे आपण सटाण्याहून मालेगावला आलो आहोत असेच वाटत राहते. फरक पहिल्यांदा जाणवतो तो मोबाईलमध्ये. आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतले नसेल तर कमान ओलांडल्यानंतर थोड्याच वेळात आपले सिमकार्ड मुके होते.

आमच्या तुकडीत देवळा, उमराणे, लोहोणेर व सटाणा येथील मंडळी होती. २० तारखेला विधानसभेचे मतदान असल्याने त्याआधी परत येण्याचा बेत होता. तुकडीत एक सेवानिवृत्त शिक्षिका होत्या. त्यांचे नाव येथे देत नाही. गावात सर्वजण त्यांना बाई म्हणतात, आम्हीही बाईच म्हणू. बाईंच्या खात्यात निवृत्तीची शिल्लक, सव्वातीन लाखांच्या आसपास, एकाच बचत खात्यात होती. ती मुदत ठेवीत टाका असे आम्ही त्यांना दोनदा सांगितले होते. यूपीआय वापरायला शिका असेही आम्हीच सांगितले होते, हे येथे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

शनिवार, ९ नोव्हेंबर. भैरहव्यात बस चहासाठी थांबली. त्या वेळी आमच्या घड्याळात पाऊण वाजला होता. ई-रिक्षावाले, माळा विकणारी मुले, पैसे बदलून देणारे, आणि त्यात आमची मंडळी. बाईंचा मोबाईल कापडी पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात होता. बस सुटली, लुंबिनीला पोचलो, चपला काढून मायादेवी मंदिरात गेलो. मंदिराच्या आत छायाचित्रणास मनाई आहे, त्यामुळे कोणाचा हात मोबाईलकडे गेला नाही. बाहेर आल्यावर अशोकस्तंभासमोर सर्वांनी फोटो काढायला सुरुवात केली. सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर विसाव्या वर्षी येथे येऊन या गावाचा बली कर माफ केला आणि सारा उत्पन्नाच्या आठव्या भागावर आणला, असा त्या स्तंभावर लेख आहे. बँकेतला माणूस म्हणून आम्ही हे मोठ्या उत्साहाने सर्वांना समजावून सांगत होतो. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "भाऊ, माझा मोबाईल नाही."

दोन वाजले होते. म्हणजे सव्वा तास उलटून गेला होता.

पहिली दहा मिनिटे पिशवी उलटीसुलटी करण्यात आणि बस शोधण्यात गेली. मग बाईंनी हळूच सांगितले की मोबाईलच्या कव्हरमध्ये एटीएम कार्ड आणि पाचशेची नोट होती. आम्ही बँकेत रोज पाहतो, दहांतले चार ग्राहक कार्ड तेथेच ठेवतात. पाकीट विसरते, मोबाईल विसरत नाही, असे त्यांचे म्हणणे असते. त्या क्षणी आमच्या पोटात गोळा आला. नुसता मोबाईल गेला असता तर दहा-बारा हजारांचे यंत्र गेले असते. कार्ड आणि सिम एकत्र गेले म्हणजे खात्याचे कुलूप आणि किल्ली दोन्ही एकाच हातात गेली.

ते कसे, हे थोडे खोलात सांगणे आवश्यक आहे.

चोर आपल्या मोबाईलचे कुलूप उघडत बसत नाही. तो सिमकार्ड काढतो आणि स्वतःच्या दुसऱ्या मोबाईलमध्ये घालतो. सिमला स्वतःचा पिन लावलेला नसेल तर ते लगेच चालू होते आणि आपल्या नंबरवर येणारा प्रत्येक ओटीपी त्याला दिसू लागतो. कार्ड हातात असेल तर कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत संपण्याची तारीख समोरच आहे. बँकेत नोंदलेल्या नंबरावरून यूपीआय नव्याने सुरू करायला आणि नवा पिन ठरवायला साधारण एवढेच लागते; काही बँका एटीएमचा पिनही मागतात. सुदैवाने नवीन यंत्रावर यूपीआय सुरू केल्यापासून पहिल्या चोवीस तासांत पाच हजारांवर रक्कम जात नाही, अशी मर्यादा आहे. शिवाय हल्लीच्या कार्डावर वायफायसारखी खूण असते. ते कार्ड दुकानातील यंत्राला नुसते टेकवले की पाच हजार रुपयांपर्यंत पिन न विचारता पैसे जातात. ही मर्यादा आधी दोन हजारांची होती, १ जानेवारी २०२१ पासून ती पाच हजार झाली.

आता यात लुंबिनीचा विशेष काय, असे कोणी विचारील. विशेष हा की सीमेवरच्या चोराला दोन्ही देशांचा फायदा मिळतो. नेपाळात आपले सिम मुके असते, म्हणून आपल्याला कोणताही संदेश येत नाही आणि आपण कोणाला फोनही लावू शकत नाही. पण तेच सिम कोणी पाच-सहा किलोमीटर मागे, सोनौलीच्या अलीकडे आणले की भारतीय टॉवर लागतो आणि ते बोलू लागते. आपण स्तंभासमोर हात जोडून उभे असतो, आणि आपले सिम सीमेपलीकडे कामाला लागलेले असते.

फोन कोणाला करावा?

आमच्यापैकी कोणाच्याही मोबाईलवर रोमिंग नव्हते. बसवर एक स्थानिक मदतनीस होता, त्याचा नेपाळी नंबरचा मोबाईल घेतला. बँकेचा १८०० ने सुरू होणारा टोल फ्री नंबर आम्हाला झोपेतही पाठ आहे, दिवसातून दहा ग्राहकांना तो लिहून देतो. लावला. लागला नाही. पुढे ९१ लावून पाहिला, तरीही नाही. १९३० ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय मदतवाहिनी, तीही लागली नाही. त्या वेळी आमच्या डोक्यात प्रकाश पडला की हे सारे नंबर भारतातून फोन करणाऱ्यांसाठी आहेत. टोल फ्री नंबर सहसा परदेशातून लागत नाहीत. परदेशातून लावण्यासाठी बँकांचा वेगळा, साधा, शहराच्या कोडसह असलेला नंबर असतो. तो बहुधा कार्डाच्या पाठीमागे छापलेला असतो. आणि कार्ड चोराकडे होते! बावीस वर्षांच्या नोकरीत तो दुसरा नंबर आम्ही कधी नीट वाचलाही नव्हता, हे लिहिताना संकोच वाटतो.

मुलाला फोन करा, असे बाईंना म्हटले. मुलगा नाशिकला असतो. बाईंना त्याचा नंबर आठवेना. पस्तीस वर्षे मुलांकडून पाढे पाठ करून घेतलेल्या बाई स्वतःच्या मुलाचा नंबर सांगू शकल्या नाहीत, आणि यात त्यांचा काहीच दोष नाही. वाचकांनी हे पान क्षणभर बाजूला ठेवून घरातील तीन माणसांचे नंबर न पाहता म्हणून पाहावेत.

आम्हाला फक्त आमच्या घरचा नंबर पाठ होता, तोही केवळ पंधरा वर्षांत बदलला नाही म्हणून. पुढे ००९१ लावून देवळ्याला फोन केला. सौ.ने उचलला. तिला सांगितले, बाईंच्या शेजारी जा, मुलाचा नंबर मिळव, त्याला बँकेत, १९३० ला आणि सिम कंपनीला फोन करायला सांग. नेपाळातून बँकेला लागत नव्हता तो फोन देवळ्यातून लागत होता, एवढाच या सगळ्याचा अर्थ. मुलापर्यंत निरोप पोचायला दोन वाजून पन्नास मिनिटे झाली.

आता वेळा नीट लक्षात घ्याव्यात, कारण पुढे सर्व भांडण वेळेवर झाले. हे सारे खात्याचा उतारा आल्यावर कळले. दोन पन्नासलाच सीमेच्या भारतीय बाजूच्या एका दुकानात कार्ड टेकवून ४,९०० रुपये गेले. तीन वाजता मुलाने बँकेच्या चोवीस तास सेवेला फोन केला. तिकडून खाते क्रमांक विचारला. तो मुलाला माहीत नव्हता. पासबुक देवळ्यात, बाईंच्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली बाईंच्या कमरेला, लुंबिनीत. शाखेत जावे तर महिन्यातील दुसरा शनिवार. सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या व चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, याचा आम्हा कर्मचाऱ्यांना एरवी आनंदच होतो. त्या दिवशी तो झाला नाही. कपाट फोडावे का, येथपर्यंत शेजाऱ्यांची चर्चा गेली. तेवढ्यात तीन पस्तीसला यूपीआयने ४,९५० गेले. शेवटी मुलाच्या ध्यानात आले की आपण एकदा आईला पैसे पाठवले होते, तेव्हा आपल्या मोबाईल बँकिंगच्या यादीत तिचा खाते क्रमांक असणार. तो होता. चार वाजून पाच मिनिटांनी तक्रार नोंदली गेली व तक्रार क्रमांक मिळाला. चार वीसला आणखी एकदा कार्ड टेकवून ४,८५० गेले. चार चाळीसच्या सुमारास कार्ड, यूपीआय व सिम, सर्व बंद झाले. एकूण १४,७०० रुपये. बाकीचे तीन लाख वाचले.

नेपाळी पोलिसांची चिठ्ठी

इकडे आम्ही बाईंना घेऊन पोलिसांकडे गेलो. नेपाळात त्या वेळी शनिवार हाच साप्ताहिक सुटीचा वार होता, तरीही तेथील हवालदाराने आम्हाला बसवून घेतले, पाणी दिले आणि निवेदन लिहून घेतले. नेपाळी भाषा देवनागरीत असल्याने वाचता आली. चोरीला गेलेला मोबाईल सापडेल अशी आशा त्यांनी दाखवली नाही, आम्हीही धरली नव्हती. पण शिक्क्याचा कागद पाहिजे होता, कारण मोबाईल अमुक दिवशी, अमुक वेळी, अमुक ठिकाणी आपल्या हातून गेला याचा आपल्या तोंडच्या शब्दांपलीकडे दुसरा पुरावा नसतो.

या कागदाने पुढे एक गंमत केली. त्यावर दिनांक होता २०८१ सालच्या कार्तिक महिन्याची २४ तारीख, आणि चोरीची वेळ दुपारी एक. नेपाळचा सरकारी कारभार विक्रम संवतावर चालतो आणि नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे असते. बँकेच्या तक्रारीत आम्ही लिहिले होते, ९ नोव्हेंबर, पाऊण वाजता. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने विचारले, दोन कागदांवर दोन वेळा कशा? आणि हे २०८१ साल कोणते? प्रश्न अगदी बरोबर होता. त्या जागी आम्ही असतो तर आम्हीही विचारला असता. म्हणून असा कागद घेताच त्याच्या मागे इंग्रजी तारीख आणि भारतीय वेळ स्वतःच्या हाताने लिहून ठेवावी.

बँकेशी झालेल्या पत्रव्यवहाराची हकीकत लांबवत नाही. बँकेचे नावही देत नाही. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने अशा प्रकरणांत ग्राहकाची जबाबदारी किती, हे निश्चित केले. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर काहीच भार नाही. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याचीच असेल, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तरीही भार नाही. परंतु ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले असतील तर बँकेला कळवीपर्यंतचे सर्व नुकसान ग्राहकाने सोसायचे. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. हे शेवटचे वाक्य फार थोड्या खातेदारांना माहीत आहे. आमच्या सहकाऱ्यांपैकीही सर्वांना माहीत असेल असे वाटत नाही.

बँकेने म्हटले, कार्ड मोबाईलच्या कव्हरमध्ये ठेवणे हा निष्काळजीपणा आहे. बाईंना हा शब्द फार लागला. आयुष्यभर चोख हिशेब ठेवलेल्या बाईला कोणी निष्काळजी म्हणावे! आम्हाला विचाराल तर शब्द कठोर आहे, पण खोटा नाही. मात्र चार पाचचा तक्रार क्रमांक आमच्या हातात होता आणि तिसरी रक्कम चार वीसला गेली होती. त्या पंधरा मिनिटांवर आम्ही अडून बसलो. जानेवारी २०२५ मध्ये ४,८५० रुपये बाईंच्या खात्यात परत आले. उरलेले ९,८५० गेले ते गेले. खाते क्रमांक शोधण्यात जो एक तास गेला तो गेला नसता तर यूपीआयचे ४,९५० तरी वाचले असते, आणि देवळ्याचा फोन अर्धा तास आधी लागला असता तर कदाचित काहीच गेले नसते.

पैशांचे असे झाले. एक गोष्ट मात्र परत आली नाही. बाईंचे यजमान काही वर्षांपूर्वी वारले. रुग्णालयातून त्यांनी बाईंना पाठवलेले दोन ध्वनिसंदेश त्या मोबाईलमध्ये होते. ते कोठेही उतरवून ठेवले नव्हते. नवीन सिम आले, नवीन मोबाईल आला, नंबर तोच राहिला, पण ते दोन संदेश त्यात नव्हते. परतीच्या गाडीत बाई पैशांबद्दल एकदाही बोलल्या नाहीत. भुसावळ गेल्यावर एवढेच म्हणाल्या, "भाऊ, ते आवाज दुसरीकडे ठेवता येत होते का हो?" येत होते. गुगलच्या खात्यात व्हॉट्सअॅपची प्रत ठेवण्याची सोय आहे, किंवा तो संदेश मुलाला पुढे पाठवला असता तरी चालले असते. आम्ही हो म्हणालो आणि खिडकीबाहेर पाहत बसलो.

मोबाईल शोधण्यासंबंधी

मोबाईल परत मिळतो का, असे लोक विचारतात. प्रत्येक मोबाईलला आयएमईआय नावाचा पंधरा आकड्यांचा क्रमांक असतो. *#०६# असे बटण दाबले की तो पडद्यावर दिसतो. खोक्यावर व बिलावरही असतो. चोरीचे मोबाईल या क्रमांकावरून बंद पाडण्याची केंद्र सरकारची व्यवस्था सप्टेंबर २०१९ मध्ये प्रथम आपल्या महाराष्ट्रात सुरू झाली आणि मे २०२३ मध्ये संचार साथी या नावाच्या संकेतस्थळाद्वारे सर्व देशाला खुली झाली. त्यासाठी पोलिसांकडील तक्रारीची प्रत आणि ओळखपत्र लागते, तसेच चालू नंबरावर आलेला ओटीपी लागतो, म्हणून आधी त्याच नंबराचे दुसरे सिम काढून घ्यावे. बाईंनी खोके रद्दीत दिले होते. देवळ्यातील दुकानदाराच्या बिलाच्या पुस्तकात क्रमांक सापडला. मात्र ही बंदी भारतातील कंपन्यांच्या जाळ्यापुरती असते. मोबाईल सीमेपलीकडेच राहिला असेल तर तो तेथे खुशाल चालत असेल.

ही केवळ सोनौलीच्या बाजाराची कथा नाही. आपल्या समाजातील मुले-मुली आता लंडनला शिकायला जातात, आईवडील त्यांना भेटायला जातात आणि किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर, जेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थिदशेत राहिले आणि जे महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये घेतले, ते पाहायला आवर्जून जातात. त्या लंडनमध्ये सायकलवरून येऊन हातातला मोबाईल हिसकावण्याचे प्रकार अलीकडे फार झाले आहेत. २०२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी एका व्यक्तीने आपला चोरीचा मोबाईल कोठे आहे याचा माग काढला, तो हीथ्रो विमानतळाजवळच्या एका गोदामापर्यंत पोचला. तेथील एका खोक्यात जवळजवळ नऊशे मोबाईल हाँगकाँगला निघालेले सापडले. ऑक्टोबर २०२५ मध्ये लंडन पोलिसांनी जाहीर केले की या टोळीने वर्षभरात चाळीस हजारांपर्यंत मोबाईल चीनकडे पाठवले असावेत. लंडनचा हा प्रकार एका अर्थाने अधिक वाईट. तेथे रस्ता शोधण्यासाठी किंवा फोटो काढण्यासाठी हातात धरलेला मोबाईल जातो, म्हणजे कुलूप उघडलेलेच असते.

कुलूप दुरून लावण्याची सोय आहे. अँड्रॉइडच्या १० व त्यापुढील आवृत्तीत ती घरूनच चालू करून ठेवावी लागते. मग कोणाच्याही मोबाईलवरून अँड्रॉइड डॉट कॉम स्लॅश लॉक या पत्त्यावर आपला नंबर टाकला की हरवलेल्या यंत्राला कुलूप बसते, मात्र ते त्या वेळी इंटरनेटला जोडलेले असले पाहिजे. गुगलच्या खात्यात जाऊन मोबाईल शोधण्याची जुनी सोयही आहे, पण लुंबिनीत आम्ही ती करू गेलो तेव्हा गुगलने विचारले, खात्री करण्यासाठी तुमच्या मोबाईलवर आलेल्या सूचनेला होय म्हणा. तो मोबाईल तर चोराकडे!

पुढच्या यात्रेचा कागद

यात्रेहून आल्यावर पुढच्या तुकडीसाठी आम्ही एका पानाचा कागद तयार केला. त्यात मोबाईलचा पंधरा आकडी क्रमांक, घरच्या तीन माणसांचे नंबर, बँकेचा परदेशातून लागणारा नंबर, खाते क्रमांक आणि सिम कंपनीचा परदेशातून लागणारा नंबर एवढेच लिहायचे आहे. एक प्रत अंगावरच्या आतल्या खिशात, मोबाईलच्या पिशवीत नव्हे. दुसरी प्रत घरी, अशा माणसाकडे की जो दुपारी दोन वाजता फोन उचलील. खरी उपयोगाची प्रत ही दुसरीच, कारण परदेशातून आपल्याला बहुधा एकच फोन लावता येतो आणि पुढचे सगळे फोन त्या माणसाने करायचे असतात. कागदाच्या तळाशी पोलिसांचे नंबर छापले आहेत : नेपाळात १०० आणि पर्यटक पोलिसांसाठी ११४४, थायलंडात पर्यटक पोलिसांचा ११५५, श्रीलंकेत ११९, इंग्लंडात ९९९. पिन मात्र कोणत्याही प्रतीवर लिहायचा नाही. गेल्या खेपेस एका उपासकांनी कागदावर पिनसाठी जागा का ठेवली नाही, असे विचारले होते.

याखेरीज दोन कामे निघण्यापूर्वी करावीत. सिमला पिन लावावा. मोबाईलच्या सेटिंगमध्ये ती सोय असते. मात्र पिन तीन वेळा चुकला तर सिम अडकते व ते सोडवण्याचा पीयूके क्रमांक लागतो, म्हणून हे काम गावातच करावे, रेल्वेत नव्हे. दुसरे, कार्ड टेकवून पैसे जाण्याची सोय बँकेच्या अॅपमधून बंद करून ठेवावी. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या आदेशाने ही कळ ग्राहकाच्या हाती आली, पण ती दाबणारा ग्राहक आम्ही क्वचितच पाहिला. ज्येष्ठांना आम्ही आणखी एक सुचवतो. बँकेत नोंदलेले सिम बटणांच्या जुन्या साध्या मोबाईलमध्ये घालून आतल्या कप्प्यात बंद करून ठेवावे, आणि फोटोसाठी मोठा मोबाईल दुसऱ्या सिमवर न्यावा. मार्च २०२४ पासून नेपाळच्या दुकानांतही भारतीय यूपीआयने पैसे देता येतात हे खरे, पण यात्रेत खर्च तो किती! रोख नेपाळी रुपये घ्यावेत. भाव १९९३ पासून ठरलेलाच आहे, आपल्या शंभराचे एकशे साठ.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बाईंच्या नव्या मोबाईलवर एक संदेश आला. तुमचा हरवलेला मोबाईल सापडला आहे, तो कोठे आहे हे पाहण्यासाठी पुढील दुव्यावर जाऊन आपला पासवर्ड टाका, असे त्यात होते. मोबाईलचे कुलूप उघडत नाही म्हणून चोराकडची माणसे असे संदेश पाठवतात. बाईंनी दुवा उघडला नाही. मोबाईल घेऊन त्या दुपारी बँकेत आल्या आणि आमच्या खिडकीशी तो संदेश दाखवून म्हणाल्या, "यात ते दोन आवाज असतील का, एवढाच विचार आला बघा."

कागदाच्या कोऱ्या प्रती संस्थेच्या कार्यालयात ठेवल्या आहेत. झेरॉक्सचा खर्च बाईंनी दिला आहे. ज्यांना इंग्रजी आकडे भरताना अडचण वाटते त्यांना बाई रविवारी सकाळी विहारात भरून देतात. येताना मोबाईलचे बिल बरोबर आणावे.